‘चीनने ३६ प्रांतांचे फक्त ३४ केले’: या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासूया

गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय, तो आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी टाकला, तिथपर्यंत मी काही बोलले नसते. पण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने त्यातली वाक्यं निबंधाच्या नोट्समध्ये उतरवून घेतली. उद्या ती परीक्षेत हे लिहील म्हणून आता सविस्तर लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: ‘२२०० वर्षांपूर्वी चीनच्या पहिल्या सम्राटाने देशाचे ३६ प्रांत पाडले. आज चीनमध्ये ३४ प्रांत आहेत. म्हणजे २२०० वर्षांत फक्त दोनचा फरक! आपण मात्र साठ वर्षांत महाराष्ट्राच्या २६ जिल्ह्यांचे ३६ केले आणि १४ राज्यांची २८ केली. चीनच्या सीमा डोंगर आणि नद्या बघून शास्त्रशुद्ध आखल्या, भाषेवर नाही. म्हणून तिथे कधी सुभेदाराने बंड केलं नाही. १९४९ नंतर तिथे एकही प्रांत तोडला-जोडला नाही. भाषावार राज्यं करून आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.’ खाली तिरंगा आणि ‘विचार करा, शेअर करा’.

बरं, विचार करूया.

३६ आणि ३४

सगळ्यात जास्त शेअर होतंय ते हेच आणि सगळ्यात निरर्थकही हेच, म्हणून इथे जरा थांबते.

पहिला सम्राट छिन शी हुआंग याने इसवी सनपूर्व २२१ मध्ये शेवटचं प्रतिस्पर्धी राज्य जिंकलं आणि देशाचे ३६ ‘जून’ केले, इतकं खरं. पण जून म्हणजे आजचा चिनी प्रांत नाही, तो त्याहून खालच्या पातळीचा, लहान विभाग. आजच्या एकट्या सिचुआन प्रांतात लोकसंख्या आठ कोटींवर आहे, त्याची तुलना जूनशी करणं म्हणजे राज्याची जिल्ह्याशी करणं. तुलना करायचीच तर महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांशी करा, तिथे आकडा तरी जुळतो, आणि आकडा जुळला म्हणून काहीही सिद्ध होत नाही हेही लगेच कळतं.

शिवाय ते ३६ टिकले तरी किती? छिनच्या फौजा दक्षिणेला आजच्या क्वांगतोंग आणि क्वांगशी भागात उतरल्या आणि इ.स.पू. २१४ मध्ये तिकडे तीन नवे जून झाले. म्हणजे सात वर्षांत आकडा बदलला. इ.स.पू. २०९ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, २०६ पर्यंत छिन घराणंच संपलं, आणि शियांग यू नावाच्या सेनापतीने देश १८ राजांमध्ये वाटून टाकला. पहिल्या सम्राटाची आखणी जशीच्या तशी पंधरा वर्षंसुद्धा टिकली नाही, आणि मेसेज म्हणतो २२०० वर्षं.

पुढे हान घराणं आलं. इ.स. २ च्या सुमाराची नोंद त्यांच्याच दरबारी इतिहासात आहे: १०३ जून आणि राज्यं, त्याखाली १५८७ तालुका पातळीचे विभाग, लोकसंख्या सुमारे ५ कोटी ९६ लाख. ३६ चे १०३ झाले ते सव्वादोनशे वर्षांच्या आत.

मग आणखी तीनशे वर्षांनी काय झालं ते बघा. उत्तर चीन परकीय टोळ्यांच्या हातात गेला, राजधानी लोयांग पडलं, दरबार दक्षिणेला आजच्या नानचिंगला पळाला आणि त्याच्या मागोमाग लाखो निर्वासित यांगत्सेच्या खाली आले. ही माणसं म्हणायची, आम्ही अमुक प्रांताचे, आम्ही परत जाणार. मग दरबाराने दक्षिणेच्या जमिनीवर उत्तरेतल्या गेलेल्या प्रांतांच्या नावांनी प्रांत उभे केले! शूचौ उत्तरेला, पण ‘दक्षिण शूचौ’चं ऑफिस यांगत्सेच्या काठावर आजच्या चेनच्यांगला. कित्येक विभागांना सुरुवातीला स्वतःची जमीनच नव्हती, फक्त नाव, अधिकारी आणि निर्वासितांची यादी. या याद्यांवरच्या लोकांना करात सवलत होती, त्यामुळे त्या याद्या पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्या. शेवटी ४१३ मध्ये ल्यू यू या सेनापतीने ‘जिथे राहता तिथलेच म्हणून नोंद करा’ असा कडक हुकूम काढला, आणि त्यातूनही आपल्या सैन्याची भरती ज्या भागातून व्हायची तिथल्या उत्तरेकडच्या तीन प्रांतांच्या लोकांना वगळलं. हा इतिहास मला स्वतःला फार जवळचा वाटतो, कारण घर सुटलेल्या माणसांनी गावाचं नाव सोडलं नाही आणि राज्यकर्त्यांनाही ते नाव दोन-तीन पिढ्या मान्य करावं लागलं. ‘काही बदललंच नाही’ या वाक्याखाली अशा लाखो माणसांची कहाणी पुसली जाते, आणि मला राग त्याचा जास्त येतो.

तिकडे उत्तरेतही तेच. ५८० च्या सुमाराला उत्तर चौ घराण्याच्या राज्यात, म्हणजे दक्षिणेचा मोठा भाग सोडूनच, २११ प्रांत, ५०८ जून आणि ११२४ तालुके होते. एका जूनला सरासरी दोन-सव्वादोन तालुके. प्रत्येक सरदाराला पद हवं म्हणून विभाग पाडत गेले. त्यांच्या जागी आलेल्या सुई घराण्याच्या एका अधिकाऱ्याने, यांग शांगशीने, सम्राटाला लिहून कळवलं की दहा मेंढ्यांमागे नऊ धनगर झालेत. आणि ५८३ मध्ये सम्राटाने जून ही पातळीच रद्द करून टाकली! म्हणजे ज्या ‘३६ प्रांतां’चा मेसेजमध्ये इतका अभिमान आहे, तो प्रकारच सुईंनी मोडीत काढला. २४ वर्षांनी त्याच घराण्याच्या पुढच्या सम्राटाने प्रांतांना पुन्हा जून नाव दिलं, आणि ६१८ मध्ये थांग घराण्याने ते परत बदललं.

आता आजचे ३४ बघू. यात तैवान धरलाय, जिथे बीजिंगचं सरकार एक दिवसही चाललेलं नाही. हाँगकाँग आणि मकाव धरलेत, ते १९९७ आणि १९९९ मध्ये परत मिळाले. तिबेट, शिनच्यांग, मंचूरियाचा बहुतेक भाग, हायनान, तैवान यातलं काहीही छिनच्या ३६ मध्ये नव्हतं. हायनान बेट हान सम्राटाने नंतर जिंकलं, तिथे जून काढले आणि सततच्या बंडांना कंटाळून इ.स.पू. ४६ मध्ये सोडूनही दिलं. म्हणजे ३६ वेगळ्या जमिनीचे, ३४ वेगळ्या जमिनीचे, पातळी वेगळी, प्रकार वेगळा. यांची वजाबाकी करून ‘फक्त दोनचा फरक’ काढता येत नाही.

मामांनी विचारलं, ‘तुझ्याकडे पुरावा काय?’ पुरावा चीनचाच देते. थान छीश्यांग या इतिहासकाराच्या संपादनाखाली १९८० च्या दशकात चीनमध्ये ऐतिहासिक नकाशांचा संच प्रसिद्ध झाला. त्याचं काम १९५० च्या दशकात सरकारनेच सुरू करवलं होतं, त्यामुळे तो चीनविरोधी आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. तो संच आठ खंडांचा आहे. एकट्या थांग घराण्यासाठी त्यात ६६९, ७४१ आणि ८२० अशा तीन वेगवेगळ्या सालांचे संपूर्ण देशाचे नकाशे द्यावे लागले, कारण एकाच घराण्याच्या काळात एका नकाशावर भागलं नाही. सीमा बदलल्याच नसत्या तर आठ खंड कशाला लागले असते? पुढचं जे लिहितेय त्यातलंही बरंचसं त्या नकाशांवर बोट ठेवून बघता येतं.

डोंगर आणि नद्या

इथे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. थांग सम्राट थायझोंगने ६२७ मध्ये देशाचे दहा विभाग केले ते खरोखर डोंगररांगा आणि नद्या धरून केले होते. ७३३ मध्ये त्याचे १५ झाले.

पण नंतरच्या राज्यकर्त्यांनी नेमकं उलटं केलं आणि मुद्दाम केलं, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नाही. कारण नैसर्गिक सीमा असलेला प्रांत म्हणजे तयार किल्ला. सिचुआनचं उदाहरण घ्या. चारी बाजूंनी डोंगर, आत सुपीक खोरं, वाटा मोजक्या. केंद्र ढिलं पडलं की तिथे कोणीतरी स्वतंत्र राज्य काढायचं, आणि असं पुन्हा पुन्हा झालंय. मंगोल युआन घराण्याने काय केलं, तर छिनलिंग पर्वताच्या दक्षिणेला असलेलं हानचोंगचं खोरं सिचुआनकडून काढून पर्वताच्या उत्तरेच्या शेनशी प्रांताला जोडलं. सिचुआनचं उत्तरेचं दार दुसऱ्याच्या ताब्यात. हानचोंग आजही शेनशीतच आहे, नकाशा उघडून बघा, भाषा, हवामान, शेती दक्षिणेकडची आणि राजधानी डोंगरापलीकडे शीआनला. तसंच आनह्वेई आणि जियांगसू. दोन्ही प्रांत यांगत्सेच्या दोन्ही काठांवर पसरलेत, म्हणजे नदीला संरक्षणरेषा करून कोणी अडून बसू नये. होनान प्रांताचा एक तुकडा पीत नदीच्या उत्तरेला आहे तोही असाच. सीमा कुत्र्याच्या दातांसारख्या एकमेकांत अडकवायच्या, अशी ही चिनी कारभारातली जुनी म्हणच आहे.

‘कधी सुभेदाराने बंड केलं नाही’

हे वाचून मी खरंच हादरले, कारण चीनच्या अर्ध्या इतिहासात प्रांतांचे नकाशे सुभेदारांच्या भीतीनेच पुन्हा पुन्हा काढले गेलेत.

हान सम्राट वूने इ.स.पू. १०६ मध्ये देशावर १३ निरीक्षक नेमले. युक्ती छान होती: निरीक्षकाचा दर्जा ६०० पोती धान्याचा आणि ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्या जून-प्रमुखांचा २००० पोत्यांचा. लहान पगाराचा माणूस मोठ्यावर नजर ठेवेल, पण स्वतः मोठा होणार नाही. पण हळूहळू ते निरीक्षकच वरचढ झाले. इ.स. १८८ मध्ये बंडं मोडायला म्हणून त्यांच्यातल्या काहींना फौज आणि महसुलासकट पूर्ण सुभेदारी दिली, आणि पुढच्या तीस-बत्तीस वर्षांत हान साम्राज्य फुटून तीन राज्यं झाली.

थांग घराण्यात तेच. सरहद्दीवरच्या लष्करी सुभेदारांपैकी आन लूशान या एकाच माणसाकडे तीन सुभे दिले गेले. ७५५ मध्ये त्याने बंड केलं, ते मोडायला ७६३ उजाडलं, आणि त्यानंतरही उत्तरेचे तीन सुभे बापाकडून मुलाकडे जात राहिले, दरबार फक्त शिक्का मारायचा. लाखो माणसं मेली, विस्थापित झाली. मध्ययुगातल्या सर्वात भयानक युद्धांपैकी हे एक, आणि आपला मेसेज म्हणतो कधी बंड झालंच नाही.

सोंग घराण्याने हा धडा घेतला, इतका घेतला की एका विभागाला एक प्रमुखच ठेवला नाही. महसूल एकाकडे, न्याय दुसऱ्याकडे, धान्यकोठारं तिसऱ्याकडे, फौज चौथ्याकडे, आणि या चौघांच्या हद्दीसुद्धा सगळीकडे सारख्या नाहीत. शेनशी भागात महसुलासाठी दोन विभाग आणि लष्करासाठी सहा, एकाच काळात, एकाच जमिनीवर! त्या काळात ‘प्रांत किती’ या प्रश्नाला एक उत्तरच नाही. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटानेही १३७६ मध्ये मंगोलांची प्रांतीय कार्यालयं मोडून कारभार, न्याय आणि फौज अशी तीन खाती वेगळी केली, त्याच भीतीने. मग तिघांचा मेळ बसेना म्हणून दौऱ्यावर अधिकारी पाठवायला लागले, आणि छिंग काळात तेच दौऱ्यावरचे अधिकारी कायमचे राज्यपाल होऊन बसले.

आणि १९११? १० ऑक्टोबरला वूचांगला उठाव झाला आणि एकामागून एक प्रांतांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, छिंग राजवट त्यानेच कोसळली. नंतरची दहा-बारा वर्षं तर लष्करशहांचीच.

‘१९४९ नंतर एकही प्रांत तोडला-जोडला नाही’

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात, म्हणून पटकन उरकते. पिंगयुआन नावाचा प्रांत ऑगस्ट १९४९ मध्ये निघाला आणि १९५२ मध्ये रद्द झाला. चाहार १९५२ मध्ये गेला. सुइयुआन १९५४ मध्ये इनर मंगोलियात विलीन. ल्याओतोंग आणि ल्याओशी एकत्र करून १९५४ मध्ये ल्याओनिंग. १९५५ मध्ये रेहे मोडून तिघांत वाटला, शिकांग सिचुआनला जोडला. १९५४ पर्यंत प्रांतांच्या वर सहा महाविभाग होते, तेही रद्द. १९६९ मध्ये इनर मंगोलियाचे मोठे तुकडे शेजाऱ्यांना दिले आणि १९७९ मध्ये परत केले. १९८८ मध्ये क्वांगतोंगमधून हायनान वेगळा केला. १९९७ मध्ये सिचुआनमधून चोंगछिंग काढलं, तीन कोटी लोकवस्तीचं. ज्यांनी मेसेज लिहिला त्यांच्या हयातीतल्या गोष्टी आहेत या.

एक गोष्ट मात्र टिकली, ती सांगायला हवी: तालुका पातळी, चिनीत शिएन. हानांचे १५८७ होते, थांगांचे ७४० च्या सुमाराला १५७३, आणि काही तालुक्यांची नावंसुद्धा दोन हजार वर्षांची आहेत. युआन काळापासून मोठ्या प्रांताची कल्पनाही थोडीफार टिकून आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी त्याला हात लावला नसता. पण त्याला तालुका नको होता, त्याला आपल्या राज्यांना नावं ठेवायची होती.

भाषावार राज्यं

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा हा, आणि बाकी सगळं या एका वाक्यासाठी रचलंय.

हान चिनी लोकांच्या प्रदेशात प्रांत बोलीनुसार आखलेले नाहीत, हे खरंय. पण तिथे एकच भाषा आहे म्हणून नाही. कँटनचा माणूस, शांघायचा माणूस आणि बीजिंगचा माणूस आपापल्या घरची बोली बोलले तर एकमेकांना कळत नाही. एकट्या फूच्येन प्रांतात एका खोऱ्यातली बोली पलीकडच्या खोऱ्यात कळत नाही. आणि जिथे समाज वेगळा, तिथे खुद्द कम्युनिस्ट सरकारने त्या समाजाच्या नावानेच प्रदेश काढले: इनर मंगोलिया १९४७, शिनच्यांग वीगर १९५५, क्वांगशी च्वांग आणि निंगश्या ह्वेई १९५८, तिबेट १९६५. देशाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त जमीन या पाच स्वायत्त प्रदेशांत आहे. ‘ओळखीवर विभाग नाहीत’ असं म्हणणाऱ्याने नकाशावर निदान त्यांची नावं तरी वाचायला हवी होती. तिथली स्वायत्तता खरी किती, तर सरकारी अध्यक्ष त्या समाजाचा असतो आणि खरी सत्ता असलेला पक्षसचिव बहुतेक वेळा हान. तिबेट आणि शिनच्यांगमध्ये शाळेतल्या भाषेचं काय चाललंय ते जगासमोर आहे. याला आपण आदर्श म्हणायचं का?

आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या त्या सोयीचा नकाशा मिळावा म्हणून नाही. कोर्टातला कागद, तलाठ्याचा उतारा, शाळेतलं पुस्तक आपल्याला कळणाऱ्या भाषेत असावं म्हणून. १ मे १९६० ला राज्य झालं आणि देश फुटला नाही. पोट्टी श्रीरामुलूंनी १९५२ मध्ये उपोषणात प्राण सोडले, आंध्र झालं, आणि तेव्हाही देश फुटला नाही. बेळगावचा प्रश्न अजून लोंबकळतोय, तिथल्या मराठी माणसाला त्याचा त्रास होतो, तेही मी नाकारत नाही, पण तो लोक मागणी करू शकतात, कोर्टात जाऊ शकतात म्हणून जिवंत आहे. पिंगयुआन रद्द करताना तिथल्या माणसांना कोणी विचारलं नव्हतं.

एवढं सगळं ग्रुपवर टाकल्यावर एका काकांचं उत्तर आलं, ‘नकाशा बदलला असेल, तत्त्व तर एकच राहिलं, सगळं केंद्राच्या हातात.’ काका, तेही नाही. इ.स.पू. २२१ मध्येच पंतप्रधान वांग वान म्हणत होता की दूरच्या प्रदेशात राजपुत्रांना राजे म्हणून बसवा, ली सी या मंत्र्याने विरोध केला आणि सम्राटाने ली सीचं ऐकलं. हानांनी लगेच अर्धा देश नातेवाइकांना राज्यं म्हणून वाटला, इ.स.पू. १५४ मध्ये त्यातल्या सात राजांनी बंड केलं. नंतरच्या चिन घराण्याने (हे पहिल्या सम्राटाचं छिन नव्हे) पुन्हा राजपुत्रांना प्रदेश दिले आणि २९१ ते ३०६ आठ राजपुत्र आपसात लढले, त्यातून उत्तर चीन गेला. मिंग सम्राटाने हे सगळं वाचलेलं असूनही मुलांना सरहद्दीवर फौजा देऊन बसवलं, आणि त्यातल्याच एकाने १४०२ मध्ये पुतण्याकडून सिंहासन घेतलं. आणि सतराव्या शतकात गू यानवूसारखा मोठा विद्वान लिहीत होता की सगळं वरून चालवल्यामुळे तालुक्यांचा जीव गेलाय, तालुक्याच्या अधिकाऱ्याला कायम ठेवा, काम चांगलं असेल तर पद त्याच्या मुलाकडेही जाऊ द्या. ली सीच्या बाजूने निकाल लागून तेव्हा अठराशे वर्षं होऊन गेली होती.